शब्द, आवाज आणि शोक : एका मेलॉडिक डेथ मेटल अल्बमचे भावनिक आवाहन

करुणरसाच्या आस्वादातून आनंद कसा संभवतो, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. भरतापासून अभिनवगुप्तापर्यंत आणि तेथून मराठीतील आधुनिक रसचर्चेपर्यंत या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या अंगांनी दिली गेली आहेत. मात्र या सर्व उत्तरांमागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, शोक व्यक्त करणारे शब्द रसिकाला कळतात. विलाप करणारी व्यक्ती कोण, तिचे काय हरपले, ती कोणाला उद्देशून बोलते आहे, हे सारे समजल्यानंतरच रसप्रक्रियेला आरंभ होतो. परंतु जे शब्द पहिल्या श्रवणात जवळजवळ कळतच नाहीत, जे क्रोधाचा किंवा हिंस्रतेचाच भास व्हावा अशा आवाजात उच्चारले जातात, ते ऐकूनही श्रोता शोकाने भारला जात असेल, तर त्या अनुभवाची उपपत्ती कशी लावावयाची?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मेलॉडिक डेथ मेटल या संगीतप्रकाराचे श्रोते नेमका हाच अनुभव सांगतात. बाहेरच्या माणसाला ज्यात केवळ गोंगाट आणि गुरगुराट ऐकू येतो, त्याच संगीतात त्यांना विरह, हळहळ आणि एक प्रकारचे सांत्वन आढळते. या अनुभवाला केवळ तारुण्यसुलभ लहर म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण तसे केल्याने भाषा आणि भावना यांच्या संबंधाविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा हातचा जाईल. प्रस्तुत लेखात फिनलंडमधील अमॉर्फिस या वाद्यवृंदाच्या 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' (१९९४) या अल्बमच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. या अल्बमची निवड करण्याचे कारण असे की, त्यातील गीतांची संहिता एका सुप्रसिद्ध मौखिक परंपरेतून आलेली आहे. त्यामुळे शब्द कोठून निघाले आणि श्रोत्यापर्यंत पोहोचेतो त्यांचे काय झाले, हे येथे पायरीपायरीने तपासता येते.

१. संगीतप्रकाराची पार्श्वभूमी

डेथ मेटल हा संगीतप्रकार १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत, विशेषतः फ्लॉरिडा राज्यात, आकारास आला. अत्यंत खालच्या पट्टीत जुळविलेल्या इलेक्ट्रिक गिटारी, जलद व दणदणीत ड्रम, मृत्यू आणि विनाश हे विषय आणि गाण्याऐवजी घशातून काढलेला खर्जातील गुरगुराट ही त्याची प्रमुख लक्षणे होत. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उत्तर युरोपातील तरुण वादकांनी ही लक्षणे कायम ठेवून त्यांत एका नव्या घटकाची भर घातली. हा घटक म्हणजे गिटारीवर वाजणारी, सहज लक्षात राहणारी, बहुधा विषण्ण अशी स्वरावली. स्वीडनमधील गोथेनबर्ग हे शहर या प्रवाहाचे केंद्र मानले जाते. तेथील डार्क ट्रँक्विलिटी यांचा 'द गॅलरी' (१९९५), ॲट द गेट्स यांचा 'स्लॉटर ऑफ द सोल' (१९९५) आणि इन फ्लेम्स यांचा 'द जेस्टर रेस' (१९९६) हे अल्बम या प्रकाराचे आदर्श ठरले.

अमॉर्फिस हा वृंद १९९० मध्ये हेलसिंकी येथे स्थापन झाला. 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' हा त्याचा दुसरा अल्बम होय. त्याचे ध्वनिमुद्रण स्टॉकहोम येथील सनलाइट स्टुडिओत झाले. त्यात एकूण १० रचना असून पहिली केवळ वाद्यांची आहे. तीत पियानोचे सूर पुढील वातावरणाची नांदी करतात. प्रमुख गिटारवादक एसा होलोपाइनेन, गुरगुरत्या आवाजाचे गायक व गिटारवादक तोमी कोइवुसारी आणि कीबोर्डवादक कास्पर मॉर्टेन्सन ही यातील लक्षात ठेवण्याजोगी नावे. काही ठिकाणी व्हिले तुओमी या पाहुण्या गायकाचा स्वच्छ, सुरेल आवाजही योजिला आहे. गोथेनबर्गच्या वृंदांच्या तुलनेने येथील लय बरीच संथ आहे. आणि शोकाच्या दृष्टीने ही संथता अर्थपूर्ण आहे, हे पुढे दिसून येईल.

२. संहितेचा प्रवास

या अल्बममधील गीते फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यावर आधारलेली आहेत. एलिआस ल्योन्रोत या व्यवसायाने वैद्य असलेल्या विद्वानाने करेलिया व आसपासच्या प्रदेशांत हिंडून तेथील गायकांच्या तोंडची कवने टिपून घेतली आणि त्यांची स्वतःच्या योजनेनुसार गुंफण करून १८३५ मध्ये 'कालेवाला'ची पहिली आवृत्ती सिद्ध केली. आज प्रमाण मानली जाते ती १८४९ ची विस्तारित आवृत्ती असून तीत ५० कवने व २२,७९५ चरण आहेत. वीरगीतांखेरीज विवाहप्रसंगीची गाणी, मंत्र आणि भावगीते यांचाही त्यात समावेश आहे. यांपैकी विवाहगीते व भावगीते ही प्रामुख्याने स्त्रियांच्या मुखी होती.

अल्बममधील सर्वांत प्रसिद्ध गीत 'ब्लॅक विंटर डे' हे होय. त्याचा आधार 'कालेवाला'च्या २२व्या कवनात आहे. उत्तरेकडील पोह्योला प्रदेशाच्या स्वामिनीची कन्या इल्मारिनेन या लोहाराशी विवाहबद्ध होऊन माहेर सोडण्याच्या बेतात आहे. प्रथेनुसार एक वृद्ध स्त्री तिला रडविते. कौमार्य आणि सासुरवास यांतील अंतर तिच्यापुढे उभे करते. तेव्हा वधू आपल्या मनाची स्थिती सांगते. सुखी माणसांचे मन वसंतातील सूर्योदयासारखे असते, तिचे मात्र शरदातील रात्रीहून आणि हिवाळ्यातील दिवसाहूनही काळवंडलेले आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. 'ड्राउन्ड मेड' या दुसऱ्या गीतामागे ४थ्या कवनातील आइनोची कथा आहे. वृद्ध वैनामॉइनेनशी ठरविलेला विवाह टाळू पाहणारी ही मुलगी अखेर पाण्यात बुडून नाहीशी होते आणि तिच्या आईच्या अश्रूंच्या नद्या होतात.

म्हणजे डेथ मेटलच्या या प्रसिद्ध अल्बममधील दोन प्रमुख गीतांचा उगम विवाहाला सामोऱ्या जाणाऱ्या मुलींच्या दुःखात आहे. मराठी अभ्यासकाला हे दुःख परके वाटण्याचे कारण नाही. सासुरवाशिणीने जात्यावर बसून माहेराची आठवण काढावी आणि पुढे त्या ओव्या साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'सारख्या संग्रहात छापल्या जाव्यात, असाच काहीसा हा क्रम आहे. मात्र फिनलंडच्या वधूगीताने यापुढेही दोन टप्पे ओलांडले. ते प्रथम स्त्रीच्या तोंडून ल्योन्रोतच्या ग्रंथात आले. ग्रंथातून इंग्रजीत उतरले. आणि इंग्रजीतून विशीतील पुरुष वादकांच्या गुरगुराटात शिरले. प्रत्येक टप्प्यावर त्यातील काही गळाले. तरीही श्रोत्यापर्यंत शोक पोहोचतो. मग या प्रवासात टिकले ते काय?

३. समांतर रचना : भाषांतरात टिकणारा घटक

'कालेवाला'चे छंदोरूप तीन गोष्टींवर उभे आहे. चरण साधारणतः आठ अक्षरांचा असतो व फिनिश भाषेत शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर आघात येत असल्यामुळे त्याला एक ठरावीक हेलकावा प्राप्त होतो. चरणातील शब्दांचे आद्यवर्ण वारंवार जुळतात, म्हणजे आपल्याकडील अनुप्रासासारखी योजना असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे समांतर रचना. एका चरणात सांगितलेली गोष्ट पुढच्या चरणात वेगळ्या शब्दांनी, पण त्याच वाक्यरचनेने पुन्हा सांगितली जाते.

यांपैकी छंद आणि वर्णसाम्य ही भाषेच्या ध्वनींशी बांधलेली असल्यामुळे भाषांतरात बहुतांशी नष्ट होतात. लाँगफेलो याने १८५५ च्या 'हायावाथा' या काव्यात हा छंद इंग्रजीत आणला खरा; परंतु इंग्रजीत तो एकसुरी होतो, अशी टीका त्यावर झाली. समांतर रचनेचे मात्र तसे नाही. ती अर्थाच्या आणि वाक्यरचनेच्या पातळीवर वावरते, म्हणून दुसऱ्या भाषेत गेली तरी तग धरते. वोल्फगांग श्टाइनिट्झ याने १९३४ मध्ये फिनिश-करेलियन लोककाव्यातील समांतर रचनेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि रोमान याकोब्सन याने १९६६ च्या आपल्या सुप्रसिद्ध लेखात व्याकरणिक समांतरता हे काव्यभाषेचे एक मूलभूत तत्त्व म्हणून मांडले.

वधूच्या उद्गारात या तत्त्वाचा भावनिक उपयोग स्पष्ट दिसतो. सुखी मनाला एक उपमा, मग तिच्याच साच्यातील दुसरी. दुःखी मनाला एक उपमा, मग दुसरी, मग तिसरी. आणि शेवटी, या सर्व उपमाही अपुऱ्या आहेत, अशी कबुली. येथे माहितीत विशेष भर पडत नाही. वाढतो तो केवळ भार. शोकाचे स्वरूपही असेच असते. शोकाकुल माणूस नवीन काही सांगत नाही, तो तेच पुन्हा सांगतो. रॉक संगीताची बांधणीही पुनरावृत्त स्वरसमूहांवर, म्हणजे ज्याला वादक 'रिफ' म्हणतात त्यावर, आधारलेली असते. यामुळे समांतर चरणांची रचना आणि रिफची रचना यांचा येथे अनायासे मेळ बसला आहे. जुन्या वर्णनांनुसार ही कवने दोन गायक मिळून गात. एकाने चरण म्हणावा आणि दुसऱ्याने तो उचलून पुन्हा म्हणावा. अल्बममध्ये आवाजाने चरण उच्चारल्यावर गिटार किंवा कीबोर्ड स्वरावली घेऊन पुढे येतो, तेव्हा या दुसऱ्या गायकाचे स्थान वाद्याने घेतले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४. स्वर आणि स्वर

आता मुख्य अडचणीकडे, म्हणजे आवाजाकडे वळणे प्राप्त आहे. मराठीत 'स्वर' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. व्याकरणात अ, आ, इ हे स्वर. संगीतात सा, रे, ग हे स्वर. सामान्य गायनात हे दोन्ही एकाच उच्चारात नांदतात, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. डेथ मेटलमधील गुरगुराट मात्र त्यांची फारकत करतो.

नेहमीच्या बोलण्यात व गाण्यात स्वरयंत्रातील स्वरतंतू नियमित गतीने कंप पावतात. या कंपनांची सेकंदाला जी संख्या असते, तीवर आवाजाची तारता, म्हणजे उंची-खोली, ठरते. गुरगुराटात स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल घड्या, ज्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात, त्या आणि त्यांच्या आसपासचा भाग कंप पावू लागतो. ही कंपने अनियमित असल्यामुळे ध्वनी खरखरीत होतो आणि त्यात निश्चित तारता ओळखू येत नाही. परिणामी संगीतातील स्वर नाहीसा होतो. परंतु जीभ, ओठ, टाळू यांचे काम चालूच असते. व्यंजने उच्चारली जातात आणि मुखविवराच्या आकारामुळे अ, इ, उ यांतील भेदही काही अंशी शिल्लक राहतो. म्हणजे व्याकरणातील स्वर उरतो, संगीतातील जातो.

म्हणूनच गुरगुराट ही भाषेची अनुपस्थिती नव्हे. कर्क ऑल्सेन, विल्यम फोर्ड थॉम्पसन आणि इयान गिब्लिन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या संगीताच्या अभ्यस्त श्रोत्यांना अनभ्यस्त श्रोत्यांपेक्षा अधिक शब्द ओळखता आल्याचे दिसून आले. कान तयार झाला की शब्द हळूहळू उलगडतात. अपरिचित बोली ऐकणाऱ्याची जी अवस्था असते, तीच येथे नवख्या श्रोत्याची असते.

तारता गेल्याने मात्र दोन गोष्टी निश्चितपणे जातात. पहिली म्हणजे बोलण्यातील चढउतार. प्रश्न, आर्जव, हुंदका, खिन्नता हे सारे आपण बव्हंशी आवाजाच्या उंची-खोलीवरून ओळखतो. तो आधारच येथे काढून घेतलेला असतो. दुसरी म्हणजे बोलणाऱ्याची ओळख. बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारणतः १०० ते १२५ वेळा आणि स्त्रीचे २०० च्या आसपास कंप पावतात. हा भेद पुसला गेला की बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, तरुण की वृद्ध, हे ठरविण्याचे एक मोठे साधन हरपते. वधूचे शब्द पुरुषाने स्वच्छ आवाजात गायिले असते, तर श्रोत्याला ते एका पुरुषाने घेतलेले सोंग वाटण्याची शक्यता होती. गुरगुराटात ते कोणाचेच राहत नाहीत, म्हणून कोणाचेही होऊ शकतात. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, म्हणजे भाव विशिष्ट व्यक्तीपासून सुटा होऊन सर्वांच्या आस्वादाला खुला होणे, ती क्रिया येथे कवीच्या शब्दयोजनेइतकीच कंठाच्या एका विशिष्ट वापराने घडून येते.

५. वाद्याची काकू

आवाजातून काढून घेतलेला चढउतार जातो कोठे? तो वाद्याकडे जातो. आणि या संगीतप्रकाराच्या भावनिक आवाहनाचे मर्म याच स्थलांतरात आहे.

नाट्यशास्त्रात काकूचा, म्हणजे भावानुसार बदलणाऱ्या कंठध्वनीचा, सविस्तर विचार केलेला आहे. कोणत्या रसाला कोणते स्वर योजावेत, हेही भरत सांगतो. करुणासाठी तो गांधार आणि निषाद यांची योजना करतो. युरोपीय स्वरव्यवस्थेशी या योजनेचा थेट संबंध जोडणे चुकीचे होईल. परंतु शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा भाव हे भिन्न वाहकांकडे असू शकतात, हे या चर्चेमागील तत्त्व येथे उपयोगी पडते. सामान्य गायनात दोन्ही वाहक एकाच कंठात असतात. या अल्बममध्ये शब्द कंठाकडे आणि काकू गिटारीकडे, अशी वाटणी झालेली आहे.

ही वाटणी श्रोत्याला कृत्रिम का वाटत नाही, याचे उत्तर ध्वनीच्या पोतात आहे. इलेक्ट्रिक गिटारीचा ध्वनी विवर्धकातून मर्यादेपलीकडे वाढविला की तो खरखरीत होतो. त्याचबरोबर तार छेडल्यानंतर ध्वनी झपाट्याने विरून न जाता दीर्घकाळ टिकून राहतो. एरव्ही गिटार हे छेडून वाजविण्याचे वाद्य. पण या प्रक्रियेमुळे ती श्वास धरून गाणाऱ्या कंठासारखी बनते. म्हणजे एकाच क्रियेतून खरखर आणि गेयता या दोन्ही गोष्टी निष्पन्न होतात. गुरगुराटात खरखर आहे, पण तारता नाही. गिटारीत तीच खरखर आहे आणि तारताही आहे. पोत समान असल्यामुळे कान या दोहोंना एकमेकांशी जोडतो आणि गिटारीची स्वरावली ही त्या गुरगुरणाऱ्या आवाजाचीच हरवलेली सुरावट आहे, असे ऐकू लागतो. जे तोंडाने सांगता आले नाही ते गिटार सांगते आहे, हा जो प्रत्यय श्रोत्याला येतो, त्याची ही भौतिक बैठक आहे.

संथ लयीचे महत्त्व येथे ध्यानात येते. लय जलद असती, तर स्वरावलीला चरणाचा पाठपुरावा करण्यास अवकाश मिळाला नसता. तसेच पाहुण्या गायकाचा स्वच्छ आवाज जेव्हा मध्येच प्रकटतो, तेव्हा शब्द आणि स्वर क्षणभर पुन्हा एकत्र येतात. तो आवाज आधीच्या ताटातुटीमुळेच आर्त वाटतो. सबंध अल्बम तशा आवाजात गायिला असता, तर त्याचा तेवढा परिणाम झाला नसता.

६. रौद्रातून करुण

गुरगुराट ऐकताना प्रथम मनात येतो तो क्रोध. आवाजाचे असे खरखरीत होणे हे मनुष्यात आणि प्राण्यांतही धमकीचे किंवा तीव्र क्षोभाचे चिन्ह आहे. तेव्हा प्रश्न असा की, क्रोधाच्या आवाजात शोक कसा मावतो?

भरताने रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. या सूत्राचा नेहमीचा अर्थ असा की, एकाच्या क्रोधाचे फल दुसऱ्याच्या शोकात दिसते. रणात एक मारतो आणि घरी दुसरे रडतात. या अल्बममध्ये मात्र दोन्ही रसांचा आश्रय एकच आहे. जो आवाज क्षुब्ध आहे, त्याच आवाजातील शब्द शोकाचे आहेत. येथे वधूगीताचा प्रसंग पुन्हा आठवावा. विवाहविधीत वधूला रडण्याची मुभा आहे, किंबहुना ते तिचे कर्तव्यच आहे. पण रागावण्याची मुभा नाही. तिला रडविले जाते, ते निघून जाणे सुसह्य व्हावे म्हणून. जाणेच नाकारावे म्हणून नव्हे. आइनोला हे नाकारणे शब्दांनी साधत नाही आणि ती पाण्यात जाते. संहितेत जो क्रोध परंपरेने दडविला, तो गुरगुराटाने बाहेर आणला, असा या गीतांचा अर्थ लावता येतो. वादकांच्या मनात हा हेतू होता असे नव्हे. तथापि शब्द आणि आवाज यांच्या संयोगातून निघणारा अर्थ कर्त्याच्या हेतूला बांधलेला नसतो.

शोकाचे सुख हा केवळ विकृत रुचीचा भाग नव्हे, याला प्रायोगिक अभ्यासातही आधार मिळतो. फिनलंडमधीलच युव्हास्क्युला विद्यापीठातील योना वुओस्कोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४८ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, विषण्ण संगीताची आवड असणाऱ्यांत परदुःखाशी समरस होण्याची व नव्या अनुभवांना सामोरे जाण्याची वृत्ती अधिक आढळली. आणि अशा संगीताने केवळ दुःखच नव्हे, तर स्मरणरंजन, शांतता व विस्मय हेही भाव जागृत झाले. हा प्रयोग चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर झाला असल्यामुळे त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे डेथ मेटलला लावता येणार नाहीत. परंतु सहृदयता ही करुणाच्या आस्वादाची पूर्वअट आहे, या जुन्या मताला तो पुष्टी देतो.

७. या प्रवासात काय हरपले

आतापर्यंतच्या विवेचनावरून या रूपांतरात लाभच लाभ झाला, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे.

करेलिया व इंग्रिया या प्रदेशांत 'कालेवाला'च्या छंदातील कवनांखेरीज विलापगीतांची एक स्वतंत्र परंपरा होती. मृत्यू, विवाह आणि मुलाचे सैन्यात जाणे अशा प्रसंगी स्त्रिया ही गीते त्या त्या वेळी रचून, रडत रडत म्हणत. त्यांची भाषा रोजच्या भाषेहून अगदी निराळी असे. आई, वडील, मूल, मृत व्यक्ती यांचा सरळ नावाने उल्लेख न करता लडिवाळ प्रत्यय लावलेल्या आणि वर्णसाम्याने गुंफलेल्या आडवळणाच्या शब्दांनी त्यांना संबोधिले जाई. परक्या श्रोत्याला या गीतांचा अर्थ सहज लागत नसे. म्हणजे शोकाची भाषा दुर्बोध असावी, ही कल्पना डेथ मेटलने प्रथम आणलेली नाही. फरक एवढाच की, विलापिनीची दुर्बोधता शब्दांत होती, गुरगुराटाची ती आवाजात आहे.

परंतु दोहोंच्या सामाजिक कार्यात मोठे अंतर आहे. विलापिनी विशिष्ट मृतासाठी, विशिष्ट वधूसाठी रडे. तिचे रडणे गावाच्या वतीने होई आणि त्याने एक संक्रमण पार पडे. लारिन पारास्के (१८३३–१९०४) या इंग्रियातील गायिकेकडून सुमारे ३२,००० चरण टिपून घेतले गेले. विलापगीतांसाठीही तिची ख्याती होती. अशा स्त्रीच्या गाण्यामागे तिचे स्वतःचे आयुष्य आणि ऐकणाऱ्यांना ठाऊक असलेले तिचे दुःख उभे असे. अल्बममधील शोकामागे असे कोणी उभे नाही. 'ब्लॅक विंटर डे'चा उगम ठाऊक नसलेला श्रोता ते गीत सर्वसाधारण निराशेचे किंवा मृत्यूचे समजतो. ते लग्नघरातील आहे, एका मुलीचे आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. साधारणीकरणाने शोक सर्वांना मिळाला, पण शोक करणारी दृष्टीआड झाली. शास्त्राने या क्रियेचा लाभ सांगितला. तिचे मूल्य कोण चुकविते, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

हे मूल्य अटळ आहे असेही नाही. २१व्या शतकाच्या आरंभापासून फिनलंडमध्ये विलापगीते रचण्याचे व म्हणण्याचे शिक्षण देणारे वर्ग चालू झाले आहेत आणि त्यांतून ही परंपरा बदललेल्या स्वरूपात पुन्हा व्यक्तींच्या तोंडी येत आहे. स्वतः अमॉर्फिसनेही 'एलेजी' (१९९६) या पुढील अल्बममध्ये ल्योन्रोतच्या 'कान्तेलेतार' (१८४०) या लोकगीतसंग्रहाचा आधार घेतला आणि पासी कोस्किनेन या नव्या गायकाच्या स्वच्छ आवाजाला पुष्कळ वाव दिला. तेथे शब्द आणि स्वर यांची फारकत कमी झाली आणि त्याबरोबर बोलणारी व्यक्तीही अधिक स्पष्ट झाली. हे दोन अल्बम एकापाठोपाठ ऐकल्यास येथे मांडलेल्या उपपत्तीची परीक्षा कोणासही करता येईल.

सारांश, या अल्बमचे भावनिक आवाहन त्यातील शब्द कळण्यावर सर्वस्वी अवलंबून नाही आणि शब्दांच्या अभावावरही नाही. शब्द कंठाकडे आणि सुरावट वाद्याकडे अशी वाटणी होते. समांतर रचना दोहोंना एका साच्यात बसविते. आणि तुटलेले हे दोन भाग श्रोता आपल्या मनात सांधतो. सांधण्याच्या या क्रियेत तो स्वतः गुंततो, म्हणूनच तो शोक त्याला आपला वाटतो. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातून निघणारे कार्य स्पष्ट आहे. मौखिक संहितेचा विचार करताना शब्दांबरोबर कंठध्वनीचीही नोंद घेतली पाहिजे. ओव्यांचे आपले बहुतेक जुने संग्रह शब्दांचे आहेत. त्या कोणत्या आवाजात, कोणत्या चढउतारांनी म्हटल्या जात, हे त्यांत क्वचितच सापडते. ज्या स्त्रियांना त्या अजून मुखोद्गत आहेत, त्यांच्याकडून ते टिपून घेण्यास फार काळ उरलेला नाही.